आठ दिवस

आमच्या पाड्यावर रेंज येत नाही.
ती वर येते, टेंब्याच्या डोक्यावर, मोहाच्या झाडाखाली,
तीसुद्धा आपली नव्हे, पलीकडच्या टॉवरची.
मोबाइल उघडला की म्हणतो, गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.
सावळीराम भोये म्हणतो, पाय नाशिक जिल्ह्यात आणि फोन पाहुणा.

म्हणून महिन्याच्या दहा तारखेला
रेशनचं मशीन टॉवेलात गुंडाळून मी वर नेतो.
दुकान चिंधू महाल्यांचं, पण त्यांचे गुडघे गेले.
मागून अख्खा पाडा,
बाया, कडेवरची पोरं,
आणि एक कुत्रं, ज्याच्या नावावर कार्ड नाही
तरी एक महिना चुकवत नाही.
अंगठा वर लावायचा, तांदूळ खाली घ्यायचा.

चैत्रात येसीबायचा अंगठा लागेना.
लाल.
लुगड्याला पुसला. लाल.
डोक्याच्या तेलावर घासला. लाल.
उजवा झाला, डावा झाला, दहाही बोटं झाली,
तेव्हा ती म्हणाली, पायाचा चालतो का रं?
सगळे हसले. मशीन हसलं नाही.

मी तिचा अंगठा उन्हात धरला.
नारपारच्या पात्रातला गोटा असतो तसा.
नागलीची लावणी, वरईचं कांडण,
थंडीभर दिंडोरीकडं द्राक्षाचे घड औषधात बुडवणं,
कुणाकुणाच्या बांधावर राहिल्या असतील तिच्या रेषा.

सुरगाण्याचा आधारवाला पोरगा एकदा बोलला होता,
आठ दिवस हाताला काम देऊ नका, रेषा परत येतात.
मी ते सांगितलं
तर अशी बघितली, जशी मी तिला शिवी दिली.
"आठ दिस बसून? मंग खाऊ काय, अंगठा?"

उतरता उतरता वाटणी झाली.
रखमी गावित पाणी आणणार,
भाकरी तीन घरं फिरून,
शेळ्या पोरांनी मागून घेतल्या, शाळा बुडवायला बरं.
सरपणावरून भांडण झालं ते खाली पोचेपर्यंत मिटलं नाही,
मग काशीनाथ काही न बोलता मोळी टाकून गेला.

पहिल्या दिवशी ती ओट्यावर बसली,
हात मांडीवर,
कुणी ठेवायला दिल्यासारखे.
दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या चुका काढायला लागली.
हंडा असा ठेवतात होय. चूल अशी फुंकतात होय.
चौथ्या रात्री जातं वाजलं.
रखमी बॅटरी घेऊन गेली तर म्हणाली, उंदीर असंल.
मनगटापर्यंत पीठ.

पुन्हा एकपासून मोजायचं ठरलं.

कितव्या दिवशी ते आठवत नाही, मी दारावरून जाताना
तिनं हाक मारली.
म्हणाली, ती साडेसातची यष्टी बघ,
खालच्या घाटात तीनदा दिसती, तीनदा लपती.
चाळीस वरसं ह्याच दारात हाय मी.
मला ठावंच नव्हतं.
मी थांबलो. एसटी तिसऱ्यांदा लपली.
मग ती म्हणाली, जा आता, तुला कामं असतील,
आणि त्या शब्दाशी जरा अडखळली.

बाराव्या दिवशी पहाटे आम्ही चढलो.
ह्या खेपेला अंगठा फक्त एकीला लावायचा होता,
आले मात्र सगळे.
कुत्रंही.
तिनं अंगठा टेकवला, डोळे मिटून,
डोंगऱ्या देवापुढं मिटतात तसे.

हिरवं.

मशीननं पावती काढली, जीभ काढल्यासारखी.
तिनं पावती बघितलीच नाही.
अंगठा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.
उतारावर नागलीच्या ओळी असतात तशा
एकाखाली एक, वाकड्या, बारीक रेषा.
"ह्या माझ्या?"
तुझ्याच, रखमी म्हणाली, बारा हंडे लागले त्यांना.

मी मशीन टॉवेलात गुंडाळत होतो
तर मागं आवाज बंद.
वळून बघितलं.
रात्रभर मोह पडला होता,
झाडाखाली सगळी जमीन पिवळट, ओली, गोड वासाची,
आणि येसीबाय त्यात उकिडवी बसून
दोन्ही हातांनी फुलं वेचत होती,
बारा दिवसांची भूक हाताला असल्यासारखी.

अगं बाय, रेषा!
रखमी ओरडली.

"पुढली दहा तारीख लांब हाय," ती म्हणाली.
"पदर धर इकडं."