बारा दुणे

मॉल्व्हर्नला, क्वेकरांच्या सभागृहात,
तासाला बारा पौंड भाड्यानं
आम्ही सात जण बसलो होतो.
भिंतीवर शांततेचं पत्रक, एकाच पिनेवर लोंबकळणारं.
विषय एकच:
फार्नबरोच्या संरक्षण-तंत्रज्ञान मेळ्यात
टीझलचा स्टॉल लावायचा की नाही.

टीझल ही आमची भाषा.
बोलायची नव्हे, यंत्राला सांगायची.
अकरा वर्षं, नोकऱ्या सांभाळून, फुकट
आम्ही ती वाढवली.
चूक दिसली की ती अडून बसते,
थकलेल्या दंडाची पावती मागणाऱ्या
ग्रंथपालासारखी.

आणि ती अडली की पडद्यावर जे उमटतं
ते माझं. चारशे सहा वाक्यं.
"थांबा. या नावाचं मला काही सापडत नाही.
तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं का?"
शाळकरी पोरानंही बिचकू नये म्हणून
एकेक वाक्य मी कितीतरी दिवस
तोंडात घोळवलेलं.

गेथिन खजिनदार. म्हणाला,
खात्यात तीन हजार शंभर, स्टॉलचे दोन हजार चारशे,
पण तिथून दोन कंपन्या पाठीशी उभ्या राहतील.
नाहीतर पुढच्या वर्षी सर्व्हरचं बिल
तुम्हीच भरा आपापल्या खिशातून.
त्याची स्वतःची नोकरी मार्चमध्ये गेली होती.
ते कुणी काढलं नाही.

हेझल म्हणाली, वापरू दे की ज्याला वापरायची त्याला,
दार आपण उघडंच ठेवलंय.
पण दार उघडं ठेवणं वेगळं
आणि चौकात उभं राहून हाळी देणं वेगळं.

क्वाबेना इतका वेळ गप्प होता.
माझा धाकटा भाऊ त्यांच्याच एका जहाजावर आहे, म्हणाला.
त्याच्या यंत्रात चूक राहावी
असं इथं कुणाला वाटतंय?
हात वर करा.

कुणी केला नाही.

मग डेस्मंड पग. वय एक्याऐंशी.
याच डोंगराखाली रडारच्या कामात चाळीस वर्षं.
चहात बुडवलेलं बिस्किट तो विसरला होता,
ते तुटून कपात पडलं.
"आमच्या एका यंत्रात बेरीज चुकायची," तो म्हणाला,
"नेम चारशे यार्ड उत्तरेला जायचा. नुसत्या माळावर.
ती चूक मला सापडली.
घड्याळ मिळालं बक्षीस. चांगलं चालतं अजून."
चमच्यानं तो बिस्किटाचा लगदा काढू लागला.
"ते चारशे यार्ड मी रोज चालतो.
संध्याकाळी. कुत्रा घेऊन."

माझे वडील कराडला गुळाच्या अडतीवर दिवाणजी.
हिशेब त्यांचा कधी पैशानं चुकला नाही,
तरी प्रत्येक पट्टीखाली ते लिहीत:
चू. भू. द्या. घ्या.
मी विचारलं होतं, चुकत नाही तर लिहिता कशाला?
ते म्हणाले, घेणारा माणूस आहे म्हणून.

मतं पडली. तीन, तीन.
सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी विचारलं, तिथं माझी वाक्यं कोण वाचेल?
गेथिन खोटं बोलत नाही.
कुणी नाही, म्हणाला. ती जमिनीवरच राहतात.
वर जातं ते फक्त बरोबर आलेलं.

मी नाही म्हटलं.
फार धीरानं वगैरे नाही; घसा बसला होता,
दोनदा म्हणावं लागलं.
आणि क्वाबेनाकडे मला बघवलं नाही.

बाहेर गायनवृंदातल्या बायका खोळंबल्या होत्या.
गेथिननं कप विसळले, मी पुसले.
तो एक शब्द बोलला नाही.
कोट चढवता चढवता त्यानं भाड्याची पावती लिहिली,
दोन तासांची,
आणि सहीसाठी माझ्याकडे सरकवली.

बारा दुणे सव्वीस.

मी सही केली.