थंड इंजिन

फोनवर मी एवढंच म्हटलं होतं,
मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.
'बरं,' म्हणाला व्हर्नन स्कार,
आणि त्याच्यामागे कुत्रं भुंकलं.

माल्टापासून उत्तरेला बावीस मैल, निम्मे खडीचे.
मोंटानात याला जवळ म्हणतात.
शेडच्या आडोशाला सबर्बन उभी होती,
अठ्ठ्याण्णवची, हिरवी, खालून मळकट सोनेरी,
एवढी लांब की तिला वळसा घालेपर्यंत
वारा एका कानातून दुसऱ्या कानात गेला.

आधी गुडघ्यांवर बसले.
दारांखालचा पत्रा चावीने टोचून पाहिला:
उजवा ठणठणीत,
डावा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. चालेल.
खालच्या सांगाड्यावरून हात फिरवला, गंज वरवरचा,
पापुद्रे सुटत नव्हते.
गिअरचं तेल कागदी रुमालावर टिपलं. काळपट,
पण जळका वास नाही.
ड्रायव्हरचं दार लावताना जरा उचलून लावावं लागलं,
बिजागऱ्यांनी मान टाकलेली:
दिवसातून चाळीसदा उतरणाऱ्या माणसाची गाडी.
मागे सीट नव्हत्या, गालिच्यात मेण,
आणि एक मेलेली मधमाशी.

मग बॉनेटवर तळवा ठेवला.

ऊब होती.
बाहेर कुत्र्याच्या वाडग्यातलं पाणी दगड झालेलं,
आणि पत्र्याला
नुकत्याच उठवलेल्या पोराच्या कपाळाची ऊब.

मी काही बोलले नाही. तोही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
मीटरवर तर दोन लाख अकरा हजार मैल होते.
'कॉफी आहे का?' मी विचारलं.

तीन तास बसलो त्याच्या स्वयंपाकघरात.
खिडकीतून ती दिसत होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.
त्याने सांगितलं, एकोणीस वर्षं पेट्या वाहिल्या,
या अल्फाल्फातून त्या अल्फाल्फात, रात्री,
कारण रात्री माश्या घरी असतात.
मागच्या स्प्रिंगा दोनदा बदलल्या.
मी सांगितलं, शाळेच्या सात मुली, कुस्तीच्या,
शनिवारी शाळेची बस मिळत नाही,
आणि वुल्फ पॉइंट काही हलून जवळ येत नाही.
'सात?' तो म्हणाला. 'सीट वर माळ्यावर आहेत. उंदरांनी थोड्या खाल्ल्यात.'
तिसरा कप. मग चौथा कुणालाच नको होता.

अखेर त्यानेच चावी उचलली.
'आता निवली असेल,' म्हणाला.

एका दमात सुरू झाली.
आणि मग टिक टिक टिक टिक,
कुणीतरी आत बसून सुपारी कातरत असल्यासारखं.
'एक्झॉस्टचा मागचा बोल्ट तुटलाय,'
तो कुत्र्याकडे पाहत म्हणाला.
'तापली की गप्प होते.'
'हो,' मी म्हटलं. 'तापल्यावर सगळेच होतात का?'
तेव्हा पहिल्यांदा हसला, दात दिसतील इतका.

सव्वीसशे मागितले होते. एकवीसशे त्याचे त्यानेच केले.
मी घासाघीस करायला आले होते,
तयारी वाया गेली.

आता फेब्रुवारी. बोल्ट अजून तसाच आहे.
मिस्त्री म्हणतो, आतलं तुकडं ड्रिलने काढायचं तर
डोकं उघडायची वेळ येऊ शकते, नऊशे धर.
मुली पहाटे पाचला घोंगड्या घेऊन चढतात,
धान्याच्या उंच कोठाराशी टिकटिक थांबते,
तोवर केंड्रा पैज लावते की आज पुलापर्यंत जाईल.
मला आता पायाच्या तळव्यातून कळतं
ती दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी जाणार,
आणि थंडीत तिला का घाई करायची नाही.
सीटला मात्र मधाचा वास येतो, उन्हात जास्त.

परवा सकाळी व्हर्ननचा फोन.
'आवाज वाढला का?'
मी नुकती किल्ली फिरवली होती.
उतरले, दार उचलून लावलं,
आणि फोन बॉनेटजवळ धरला.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
'तेवढाच आहे,' म्हणाला मग. 'तेल बघत जा.'