टंच

बत्तीस वर्षं सेलमला सोनं आटवून
आप्पा लेंगऱ्याला परत आले तेव्हा
सोबत एक तराजू, भट्टीचा चिमटा,
आणि ॲसिडच्या धुरानं चरचरलेली छाती.

दोन महिने नुसते बसून राहिले.
मग एक दिवस करगणीच्या बाजारातून कोंबडा आणला,
तांबडा, मानेवर पिवळी झाक,
आणि म्हणाले, "जात शुद्ध करायची."
आई भाकरी थापत होती.
"कुणाची?" म्हणाली.

वही जुनीच. पुढून सेलमचा हिशोब:
तोळे, मासे, कुणाच्या पाटल्या, किती घट.
उलटीकडून, शेवटच्या पानापासून, कोंबड्या.
मदनेवस्तीवरची काळी: खुडूक बसते, एकवीस दिवस हलत नाही.
भुरी: घारीला दिसत नाही.
गिरिराजाच्या भेसळीची: अंडी भरपूर, बसायचं नाव नाही. खोट.

न्हाणीच्या भिंतीलगत, काळीखाली अकरा अंडी.
सातव्या रात्री बॅटरीपुढं एकेक धरून पाहिलं,
आतली लाल शिरांची जाळी,
मुशीतला रस पाहावा तसे डोळे बारीक करून.
दोन रिकामी निघाली. तीही वहीत.

विसाव्या दिवशी पहिली टोच पडली.
आप्पा रात्रभर खुराड्यापाशी, पोत्यावर.
आई दारात येऊन उभी राहिली.
"तीन लेकरं झाली, तिन्ही येळंला तार धाडली,"
म्हणाली; मला नाही, त्यांना नाही, खुराड्याला.
"थोरलं चालाय लागल्यावर बघितलं."
आप्पा बोलले नाहीत.
अंड्याला कान लावून होते.

नऊ पिल्लं.
सोन्याच्या तराजूत एकेक ठेवलं.
पितळी पारड्यात पाय घसरतात,
एकानं तिथंच शिटलं,
काटा थरथरतो, थांबतो:
अडीच तोळे. पावणेतीन. अडीचला चार गुंजा कमी.
पायात रंगीत दोरे, गूळपाणी, मग कण्या.
एकीचा पाय वाकडा, बोटं आत वळलेली.
तिच्यापुढं लिहिलं: खोट. काढणे.
काढली नाही. आज, उद्या.

तिसऱ्या दिवशी मुंगसानं काळी नेली.
बांधावर पिसं सापडली, तेवढीच.
जिच्यावर सगळी वही उभी होती, ती.

पिल्लं मग टीव्हीच्या खोक्यात,
खाली भुसा, वर माझी जुनी ओढणी, शंभरचा बल्ब.
बल्ब किती खाली, किती वर, हे आप्पांना विचारावं लागत नाही.
धग त्यांना कळते.
घोळका करून बसली तर थंडी, कोपऱ्यात पांगली तर जास्त.

पौषातली रात्र. दोनला लाईट गेली.
माळावरचा वारा पत्र्याखाली शिरून बडवत होता.
आई चुलीतले निखारे उकरायला उठली, तोवर
आप्पांनी स्वेटर वर करून
नऊही आत घेतली, उघड्या छातीवर,
आणि भिंतीला टेकले.

त्यांची छाती शिट्टी वाजवते.
विट्याचे डॉक्टर नळी लावतात, मान हलवतात.
आम्ही त्या आवाजानं झोपेतून उठतो.
पिल्लं त्या आवाजानं गप्प झाली.
आधी सगळी चिवचिवत, मग दोघं, मग एकच,
मग नुसती शिट्टी, आत बाहेर, आत बाहेर.
वाकडीचं डोकं तेवढं गळ्याशी वर आलेलं.

आई निखाऱ्यांचं घमेलं घेऊन आली, थांबली.
बॅटरी विझवली.
"खुडूक झालासा व्हय," म्हणाली,
आणि घमेलं त्यांच्या पायाशी ठेवून
तिथंच बसली.

सकाळी वहीत एक ओळ:
दोन ते सहा लाईट नाही. घट नाही.

वाकडीपुढचं "काढणे" अजून खोडलेलं नाही.
ते पान उघडं राहिलं होतं परवा;
त्यावरून ती चालून गेली आहे,
चिखलाची तीन बोटं सरळ, एक आत वळलेलं.