बॅच एकोणीस

कुपवाडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
दोन पातेली शेजारी शेजारी, पंचाहत्तर अंशांवर.
एकात पाणी, एकात तेल.
जन्माचं वाकडं;
मध्ये मेण पडलं की नांदतात.

पुढचं बोटांना विचारायचं.
ग्लिसरीन चमचाभर जास्त झालं
तर तळहाताला तळहात चिकटतो, उठायचं नाव घेत नाही.
स्टिअरिक ॲसिडनं मोत्याची तकाकी येते,
पण चोळलं की पांढरे ओघळ,
ताक पिऊन ठेवलेल्या भांड्यासारखे.
त्यावर सिलिकॉनचे चार थेंब, की सगळं गुळगुळीत,
लग्न जुळवणाऱ्याच्या बोलण्यागत.
झँथन गम मी एकदा घाईनं टाकला,
डबीतून शेंबडासारखी तार निघाली.
मधमाशीचं मेण मात्र बोटाला अडवतं,
म्हणतं, थांब जरा.

पुण्याच्या ऑफिसला हवं असतं
लावताक्षणी नाहीसं होणारं काहीतरी.
अठरा नंबर तसा जमलाय.
मागं काही उरत नाही, वाससुद्धा.

सांगलीच्या पेठेतून सुगलाबाई येतात चाचणीला,
दर खेपेला दीडशे रुपये आणि चहा.
हळकुंडं निवडून निवडून
तळव्याच्या भेगांनाही हळद लागलेली.
मी फॉर्म वाचते: ओशट? चिकट? रवाळ? मऊ?
त्या अठरा नंबर चोळतात,
हात उलटासुलटा करून उजेडात धरतात.
"लावलंय व्हय मी, बाई?
का तुमी नुसतंच सांगाय लागलाय?"

त्या रात्री एकोणीस केली.
मेण दुप्पट, कोकमाचं तूप, सिलिकॉन नाही.
निवेपर्यंत ढवळत राहिले,
हात थांबला असता तर रवा धरला असता.
पहाटे ती चमच्यावर उभी राहिली,
कवडी पडलेल्या दह्यासारखी.
ऑफिसकडून एका शब्दात उत्तर आलं:
हेवी.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून
सगळी सुगलाबाईंना दिली.
पंधरा दिवसांनी डबा परत, घासून लख्ख.
"हाताला बरं वाटलं?"
"हाताला कुठलं! म्हशीच्या सडाला चिरा पडल्यात्या.
धार काढाय बसलं की लाथ.
आता गप उभी ऱ्हातीया."
मग चहा बशीत ओतता ओतता,
"तळाला उरलेलं टाचंला लावलं."

फॉर्मवर याला रकाना नव्हता.
'ओशट' खोडलं,
आणि तिथंच, बारीक अक्षरात:
लाथ मारली नाही.