साडेतीन भिंती

लोक म्हणतात, हक्काच्या चार भिंती.
माझ्या साडेतीन आहेत.
खरेदीखतात तसं स्पष्ट लिहिलंय :
जोडघराच्या मधल्या नऊ इंची भिंतीतून
एक रेघ जाते, कुणाला न दिसणारी.
अलीकडची साडेचार इंच झोलेका न्त्शिंगाची, म्हणजे माझी,
पलीकडची फान टॉन्डरची,
जो डर्बनला राहतो आणि भाडं मोजतो.

ट्रॉयव्हिल. उताराची गल्ली, खाली जोहान्सबर्गचे उंच टॉवर.
"त्या भागात?" वहिनी फोनवर म्हणाली.
बँकेतल्या पोरानं नकाशावर बोट ठेवलं
आणि तापल्या तव्याला लागल्यासारखं उचललं.
त्याला काय सांगू,
अकरा वर्षं मी हिलब्रोच्या एका खोलीत झोपले
पडद्याच्या या बाजूला;
त्या बाजूला दुसरी नर्स, तिचा खोकला, तिचा रेडिओ, तिचा देव.
अर्धी का असेना, विटेची भिंत होती ही.

विकणारी दोना इदालिना, मदेराची, एक्क्याऐंशीची.
किंमत एकदाच बोलली.
मग मागच्या अंगणात नेऊन वेल दाखवली :
"फेब्रुवारीत द्राक्षं येतात.
पहिला घड शेजाऱ्याचा.
हे कागदात नाही."

शेजारी म्हणजे पापा म्बुयी, लुबुंबाशीचा शिंपी.
मी रात्रपाळी करून यायची सातला,
सातलाच त्याचं मशीन सुरू व्हायचं.
पहिला आठवडा मी भिंतीवर बुक्क्या मारल्या.
आठव्या दिवशी तो दारात, माझ्या खिडक्यांच्या मापाचे पडदे घेऊन.
माप कधी घेतलंस?
"रस्त्यावरून," तो म्हणाला, "डोळ्यानं."
त्यानंतर मशीन थांबलं की मला जाग यायची.

मी घर घासलं. लिनोलियम उचकटलं तर खाली
शंभर वर्षांचं लाकूड, मधाच्या रंगाचं.
दाराला निळा दिला, कठड्याला पांढरा.
जाणारे-येणारे थांबून फोटो काढू लागले.
महापालिकेचं पत्र आलं : घराची किंमत दोन लाख रँडनं वर.
खोटं कशाला बोलू, त्या दिवशी चहा ढवळताना मी गुणगुणत होते.

फान टॉन्डर जूनमध्ये आला,
फुटपाथवर उभा राहिला, हात खिशात.
स्वतःच्या दाराकडे पाहिलंच नाही, माझ्याच दाराकडे पाहत होता.
"छान रंग," म्हणाला.

आठवड्यानं पापा म्बुयीनं मला एक कागद वाचायला दिला.
इंग्रजी येत होतं त्याला, चांगलं येत होतं.
तरी मला वाचायला दिला.
मी मोठ्यानं वाचलं. आकड्यापाशी थांबले.
तो म्हणाला, "हं. मलाही तेवढाच दिसला."

शनिवारी छोटा टेम्पो आला.
मशीन त्यानं ब्लँकेटात गुंडाळलं,
आम्ही पेशंट हलवतो तसं, मान आधी सांभाळत.
जर्मिस्टनच्याही पुढे, दोन टॅक्सी बदलून.

आता पलीकडच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे.
दर शुक्रवारी नवी सुटकेस.
फेब्रुवारीत पहिला घड घेऊन मी तिथं उभी राहिले,
बेल नव्हती.
आकडे मला ठाऊक नव्हते.

मग डबा घेतला, जेवणाचाच, त्यात घड ठेवला
आणि रात्रपाळीवरून घरी न जाता तशीच निघाले.
पहिल्या टॅक्सीत गर्दी, दुसरीत त्याहून.
पोचले तेव्हा अर्धी द्राक्षं चेचली होती, डबा चिकट.
त्यानं एक तोंडात टाकलं, डोळे बारीक केले.
"आंबट. दोना इदालिना पाणी जास्त घालायची."
मग विचारलं, "नवे लोक आवाज करतात का?"
"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

तो मशीनवर बसला.
दोरा ओवला नाही, कापड घेतलं नाही,
नुसतंच पायडल मारत राहिला.
मी खुर्चीत, मांडीवर डबा.
किती वेळ मारलं कुणास ठाऊक,
माझा डोळा लागला होता.