जिना धुण्याची पाळी

ग्लासगोच्या दक्षिणेला, आमच्या गल्लीत,
एका जिन्याला आठ दारं.
नावानं फारसं कुणी कुणाला ओळखत नाही.
ओळखतो ते खोकल्यावरून,
घड्याळाच्या गजरावरून,
रात्री कोण किती वाजता नळ सोडतं त्यावरून.
तसद्दुकची टॅक्सी पहाटे चारला दारात लागते
तेव्हा मी कूस बदलतो. त्याला हे ठाऊक नाही.
माझ्या रेडिओवरचे घोड्यांच्या शर्यतींचे निकाल
शेजारच्या यॉर्दानोसला पाठ आहेत :
रात्रपाळीची नर्स ती, दिवसा झोपते,
म्हणजे, झोपली असती.

भिंतींना कमरेपर्यंत हिरव्या टाइल्स, जुन्या, तीन निखळलेल्या.
मागच्या अंगणात एक गादी, सहा आठवडे पडून.
ढेकणांची.
कुणाची, यावर प्रत्येकानं वेगळं नाव घेतलं.
मीही घेतलं. सगळ्यात वर राहणाऱ्यांचं.

आणि एक पुठ्ठा.
दोरीत ओवलेला, कडा मऊ पडलेल्या, छापील अक्षरं :
या आठवड्यात जिना धुण्याची पाळी आपली.
दर सोमवारी तो एका दाराच्या मुठीवरून सुटतो,
पुढच्या मुठीवर लटकतो.
मिसेस मॅकगिनलीच्या सासूच्या वेळचा आहे म्हणे.
सासू डोनेगॉलहून आली तेव्हा
याच जिन्यात कुणीतरी 'तसली माणसं' म्हणालं होतं.
हे ती बादली भरता भरता सांगते,
हवेबद्दल बोलावं तसं.

मार्चमध्ये पुठ्ठा वर गेला.
शेवटचा मजला, उजवीकडे :
योलाना, डुशान, चार मुलं, कुणाचा तरी भाऊ.
मंगळवारी दूध आणायला निघालो तर
जिन्यात बोचकी.
चादरीत बांधलेली भांडी, इस्त्री, दप्तरं,
दोरीनं करकचून आवळलेला टीव्ही.
सगळं रात्रीतून बांधलेलं, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
मला तर सगळं ऐकू येतं.

योलानानं पुठ्ठा माझ्यापुढे धरला.
बोटं दाखवली. एक? दोन? तीन?
किती दिवसांत निघायचं, ते विचारत होती.
आजवर दाराला लागलेला प्रत्येक कागद
तेवढंच सांगत आला होता.

मला शब्द सुचेना.
मिसेस मॅकगिनली बाहेर आली. वय एक्क्याऐंशी,
दोन्ही गुडघे बदललेले.
कठडा धरून ती पायरीवर बसली
आणि हातात काही नसताना
पायरी घासून दाखवली.
कोपऱ्यात जरा जास्त.
घाण तिथेच साचते, हेही नाक मुरडून दाखवलं.
डुशान फस्सकन हसला.
योलानानं तोच पुठ्ठा त्याच्या डोक्यात हाणला.
म्हातारीला उठवायला आम्ही तिघं लागलो.

त्या रात्री साडेअकराला वरून पाणी आलं.
तिनं आपला मजला धुतला, मग खालचा, मग माझा,
मग रस्त्यापर्यंत जे सापडेल ते.
आठही दारांची पायपुसणी भिजली.
तसद्दुक घसरला, त्यानं तीन भाषांत शिव्या घातल्या,
तिसरी योलानाच्याच मुलांकडून शिकलेली.
मी तक्रार लिहायला कागद घेतला, वर तारीख घातली.
तारीखच राहिली.

सोमवारी पुठ्ठा पुढे सरकला नाही.
त्यांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वर, खिळ्याला टांगलाय;
यॉर्दानोसनं पाहिला.
मागायला कुणी गेलं नाही.
"सासूचा होता," मिसेस मॅकगिनली म्हणाली, "मला काय!"

आता कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा तुकडा फिरतो,
त्यांच्या मधल्यानं, मारेकनं, लिहिलेला.
दोन चुका आहेत. मागच्या बाजूला अर्धा कोंबडा.
सोमवारपासून माझ्या दारावर आहे.
आज गुरुवार.

बादली नळाखाली ठेवलीय.
खिडकीतून अंगण दिसतं,
गादीवर मारेक उड्या मारतोय, वर, पुन्हा वर.
ती गादी माझी होती.
पाणी काठाला आलं.
कोपऱ्यांपासून सुरुवात करावी म्हणतो.