सत्तेचाळीस–एकाहत्तर

ऑगस्ट संपत आला.
सत्तेचाळीस जिंकले, एकाहत्तर हरले.
व्हॅनमध्ये बसून पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला:
उरलेले वीसच्या वीस जिंकले
तरी आपण अर्ध्यावर पोचत नाही.
पुन्हा मांडला. आकडे ऐकत नाहीत.

मी पोर्ट हॅलेकमधली डिशवॉशरं दुरुस्त करतो.
कुठे गळतंय ते मला नुसत्या आवाजावरून कळतं.
म्हणून सांगतो, आपले हेरन्स कुठे गळतात:
सातव्या इनिंगला.
सहापर्यंत ओस्टरहाउस खांबासारखा उभा,
मग त्याचं कोपर कुरकुरायला लागतं,
आणि मॅनेजर जागचा उठतो
तिन्ही बेस भरल्यावर.
बैल गेला नि झोपा केला.
मी रेडिओवर ओरडतो, काढ त्याला, आत्ता काढ!
उंटावरून शेळ्या हाकणं मलाही जमतं.
माझा उंट दोन हजार नऊचं मॉडेल आहे,
त्याचा एसी बंद आहे.

डॉर्थिया विस्नेव्स्की ओरडत नाही.
एक्क्याऐंशी वर्षांची, गॅस्केटच्या कारखान्यातून निवृत्त,
तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसते.
शॉर्टस्टॉपच्या चुका ती लाल पेन्सिलीने लिहायची.
लाल पेन्सिल जूनमध्ये संपली.
प्रुइट कॅचिंगला खाली बसतो
तेव्हा त्याचे गुडघे इथवर ऐकू येतात, म्हणते.
पुढच्या वर्षाचं काय, असं मी विचारलं
तर चष्म्यावरून बघते,
मी एखादं उधार मागितल्यासारखं.

आणि खरंच, पुढचं वर्ष कुणाच्या भरवशावर?
आम्ही विरजणाचं भांडं.
दही जरा जमलं
की भांडं उचलून मोठ्या शहरात नेतात.
मे महिन्यात लारामीला नेला, जुलैत दोघांना.
आमच्याकडे राहतं ते ताक,
त्यातही पाणीच जास्त.

पण मंगळवारी एक गोष्ट झाली.
येफर्सन आल्मोंते, वय एकोणीस,
डॉमिनिकनमधल्या कुठल्याशा साखर कारखान्याच्या गावचा.
हा पोरगा सगळ्यावर बॅट फिरवतो.
मातीतून उसळलेल्या बॉलवर, डोक्यावरून जाणाऱ्या बॉलवर,
पॉपकॉर्नवाला जवळून गेला
तर त्याच्यावरही फिरवेल.
आठवी इनिंग, नऊ–दोनने मागे,
मैदानात माणसांपेक्षा सीगल जास्त.
दोन स्ट्राइक झालेले.
पिचरने तोच जुना सापळा लावला,
बाहेर, खाली, जाता जाता वळणारा.
आल्मोंतेचे खांदे निघाले,
कंबर निघाली,
मनगटं

थांबली.

बॉल.
पुन्हा तसाच. पुन्हा बॉल.
चौथ्याला त्याने बॅट जमिनीवर अलगद ठेवली,
कुणाचं तरी झोपलेलं मूल ठेवावं तशी,
आणि पहिल्या बेसकडे चालत गेला.
कुणी टाळी वाजवली नाही.
पुढच्याने जमिनीलगत मारला, एकदम दोघे आउट,
नऊ–दोन तसंच राहिलं.
पण डॉर्थियाने वहीत खूण केली
आणि खुणेखाली रेघ ओढली.
सबंध सीझनमध्ये तिने ओढलेली
ही पहिली रेघ.

लोक होम रनवर पैसे लावतात.
मी त्या मनगटांवर लावतो.
मारता येणं हाताचं काम आहे,
सोडता येणं एवढ्या लहान वयात
मला तरी आलं नव्हतं.
(काय काय मारायला गेलो, ते राहू दे.)

आता उघडच आहे, पोरगा थांबायला शिकला
म्हणजे तोही जाणार.
एप्रिलपर्यंत टिकला तर नशीब.
पिचिंग नाही, मॅनेजर तोच,
डावीकडच्या स्टँडचं छप्पर अजून ठिबकतंय,
ते मी फुकट बघून देतो म्हटलं,
कुणी फोन केला नाही.

असो.
उद्या संध्याकाळी सात वाजता, घरच्या मैदानावर.
ओस्टरहाउस टाकणार आहे.
सहा इनिंगपर्यंत तरी या.